पेल्यावरची होडी

साहेब गावात दोनदा आले. पहिल्यांदा बातमी घेऊन आले, दुसऱ्यांदा कायमचे आले. दोन्ही वेळा त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

कायमचे आले तेव्हा नोकरी संपली होती, केस संपले होते, पाठ मात्र अजून ओळंब्यात होती. लोहाराच्या दुकानावरची खोली त्यांनी भाड्यानं घेतली. खाली उजाडल्यापासून घण पडायचा आणि भट्टीचा धूर जिन्यावाटे वर चढायचा. लोहार सरळ माणूस. त्यानं आधीच सांगून टाकलं, "साहेब, या खोलीत स्वतःचा विचारसुद्धा स्वतःला ऐकू येत नाही. आधीचा भाडेकरू ऐन थंडीत पळाला."

"मग बरी आहे," साहेब म्हणाले आणि ट्रंक एकट्यानंच वर चढवली.

सख्खी थोरली बहीण हाकेच्या अंतरावर असताना माणूस लोहाराच्या डोक्यावर का राहतो, हे गावात कुणी कुणाला विचारलं नाही. गावाला माहीतच होतं. परक्याला मात्र मुळापासून सांगायला हवं.

साहेब गिरणीवाल्याचं पोर. लहानपणापासून पिठानं भुवया पांढऱ्या, त्यामुळे म्हातारपण त्यांच्या तोंडावर आधीच येऊन बसलेलं. डोकं तल्लख. फौजेत गेले ते शिपाई म्हणून नाही, अधिकारी म्हणून.

त्या काळी फौजेची रीत अशी की एका गावची पोरं एकाच तुकडीत घालायची. चुलत्याशेजारी पुतण्या, मेव्हण्याशेजारी मेव्हणा, सगळे एका माळेचे मणी. रीत काही खुळ्यांनी पाडलेली नव्हती. ओळखीच्या डोळ्यांसमोर माणूस पळत नाही. पळाला तर सुट्टीत गावी आल्यावर तोंड कुठं लपवणार? शिवाय भांडायला, तंबाखू मागायला, रात्री घरची आठवण आली तर लाथ मारून गप्प करायला हक्काचं माणूस. आमच्या गावची तुकडी म्हणजे चालतं गावच होतं. त्यात शिव्यासुद्धा गावच्याच.

प्रत्येकाजवळ फौजेनं दिलेला पत्र्याचा पेला असायचा. पेले सगळे सारखे, म्हणून ज्यानं त्यानं आपल्यावर खिळ्यानं खूण कोरलेली. कुणाची कोंबडी, कुणाचा विळा, कुणाचा नुसताच गोलात गोल. कुणी मेलं तर गावचाच सोबती त्याचा पेला घरी पोचवायचा आणि उंबऱ्यात उभा राहून आई विचारेल ते सांगायचा. आया फार बारीकसारीक विचारतात.

मग पुलाची लढाई झाली. साहेब तेव्हा नुकते मिसरूड फुटलेले. दारूगोळा संपत आला म्हणून त्यांना मागच्या तळावर पाठवलं. खेचरं घेऊन परतले तेव्हा पूल नव्हता, आणि पुलावरचं गावही नव्हतं. सगळं बियाणं एकाच वाफ्यात पेरलेलं, आणि गारपीट नेमकी त्याच वाफ्यावर झाली.

पेले पोचवायला उरले एकटे साहेब. गोणीत पेले घालून ते गावात आले, ती पहिली खेप. पत्र्यावर पत्रा वाजत होता. पुढच्या घरातल्या बाईला मागच्या घरापासूनच कळत होतं की आता आपली पाळी. कोण कसा मेला हे साहेबांनी पाहिलं नव्हतं. पण त्या सकाळी कोण काय बोललं, कुणाचा बूट चावत होता, कोण कुणाची टोपी लपवून साळसूद चेहऱ्यानं बसला होता, हे त्यांना ठाऊक होतं. तेवढंच ते दारोदार सांगत गेले. बायका ऐकत गेल्या आणि दारं लावून घेत गेल्या. शेवटचा पेला अक्काच्या नवऱ्याचा होता. अक्का म्हणजे साहेबांची ती बहीण. कडेवर तान्हं पोर घेऊन ती दारात उभी होती.

"तू होतास जवळ?"

"नव्हतो, अक्का."

"खोटं बोलला असतास तरी चाललं असतं," ती म्हणाली. पण पेला घेतला, आणि पोराला तो धरायला दिला.

पुढची वर्षं गावानं कशी काढली ते सांगायला वेळ लागेल, थोडक्यात सांगतो. गिरणीत पोती बायकांनी उचलली. वाजंत्र्यांच्या ताफ्यात एकटा ढोलवाला उरला, कारण त्याचा एक पाय आखूड म्हणून फौजेनं त्याला घेतलं नव्हतं. लग्न निघालं की नुसता ढोल वाजायचा. लग्नंही फार निघत नव्हती. नवरे काय झाडाला लागतात?

साहेबांना मुख्यालयात खुर्ची मिळाली. खिडकी कोळशाच्या वखारीकडे उघडणारी. त्या खुर्चीत बसून त्यांनी एकच गोष्ट डोक्यात घेतली: एका गावची दोन पोरं एका तुकडीत नकोत. पांगवायची. दुसरं बोलणं नाही, दुसरा विषय नाही. बायको शहरातली, हसरी होती. जेवताना साहेब काडेपेटीतल्या काड्या ताटाभोवती मांडून पलटणी इकडच्या तिकडे करत बसायचे. तिनं काही वर्षं ते पाहिलं आणि एक दिवस भावाकडे गेली ती तिकडेच राहिली. भांडण असं झालं नाही. "घरात आम्ही दोघंच असतो तर मी गेले नसते," एवढंच ती बोलली म्हणे.

वरच्यांना साहेबांचं म्हणणं पटत नव्हतं. तेव्हाचे मोठे जनरल म्हणजे लढाया अंगावर घेतलेला माणूस, कानाचा एक तुकडा गमावलेला. ते साहेबांना तोंडावर उंटावरचा शहाणा म्हणायचे.

"अहो, माणूस काय झेंड्यासाठी मरतो?" जनरल म्हणायचे. "शेजाऱ्यानं गावात जाऊन नाव ठेवू नये म्हणून मरतो. तुम्ही शेजारीच काढून घेताय. मग लढेल कोण?"

"लढतील, सर. आणि हरले तरी गाव उरेल."

"गाव उरवणं हे फौजेचं काम नाही."

"मग पुढच्या खेपेला पोरं कुठून आणायची, सर?"

जनरलांनी कागद सहीवाचून परत सरकवला. असं बरीच वर्षं चाललं. शेवटी साहेब त्यांना गाडीत घालून इकडे घेऊन आले. ही खेप गाव धरत नाही, कारण साहेब गावाबाहेर गाडीतच बसून राहिले. जनरल एकटेच काठी टेकत आत शिरले. बाजाराचा दिवस होता. बायका गाडीतून पोती उतरवत होत्या, बायकाच बैलांना शिव्या देत होत्या. ढोलवाला ओट्यावर पेंगत होता. जनरलांनी एका म्हातारीला थांबवलं.

"आजी, पुरुषमाणसं कुठं गेली सगळी?"

म्हातारीनं पाठीवरचं पोतं उतरवलंसुद्धा नाही. "तुमच्याकडेच होती," ती म्हणाली आणि पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी सही झाली.

नियम देशभर लागू झाला. साहेबांना बढती मिळाली, छातीवर पदकं आली, तो नियम समजून घ्यायला बाहेरदेशचे अधिकारी आले. गावानं त्यांना नाव पाडलं पांगवेसाहेब. गुरं पांगवावीत तशी पोरं पांगवणारा. त्यात राग होता की कौतुक, हे ज्याचं त्याला ठाऊक. मुख्यालयात मात्र लोक त्यांच्या टेबलावर जेवायला बसत नसत. नियम करणाऱ्याबरोबर घास गिळायला जड जातो.

अक्काचा मुलगा भरतीच्या वयाचा झाला. शेजारचा मुलगाही त्याच खेपेला चालला होता. अक्का आयुष्यात पहिल्यांदा राजधानीला गेली आणि मुख्यालयाच्या लांबलचक बोळात बाकावर जाऊन बसली. शिपायानं साहेबांना सांगितलं, एक बाई आली आहे, नाव सांगत नाही, म्हणते त्याला म्हणावं बाहेर ये.

साहेब बाहेर आले.

"दोघांना एकत्र टाक," अक्का म्हणाली. "एवढंच मागते. शेजारचा समंजस आहे. आमचा धांदरट. अजून बूट उलटसुलट घालतो, डावा उजव्यात."

"अक्का, नियम मीच केलाय."

"म्हणून तर तुझ्याकडे आले. दुसऱ्यानं केला असता तर तुझ्याकडे कशाला येते?"

"सगळ्या आयांना नाही म्हणतो आणि तुला हो म्हणू?"

"हो म्हण."

बोळातून कारकून जात होते, ते पावलं चोरून जायला लागले.

"मग त्याच्याजवळ कोण असेल?" अक्कानं विचारलं.

"पलटण असेल."

"पलटण म्हणजे कोण?"

अक्का उठली. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," म्हणाली, आणि आली तशी परत गेली.

पुढची लढाई मोठी झाली. आणि खरं ते खरं सांगायला हवं, नियम कामाला आला. पोरं ठिकठिकाणी विखुरलेली, त्यामुळे कुठं एक गेला, कुठं एक अधू झाला, बाकीची घरी आली. गिरणीत पोती उचलायला पुन्हा पुरुष दिसले. ढोलाला सनई मिळाली. पण साहेबांना कुणी दुवा दिला नाही. न मेलेल्या माणसाचं श्रेय कुणी कुणाला देत नसतं. आलेली पोरंही आपसांत फार बोलेनात. प्रत्येकाची लढाई वेगळी. ढोलवाल्याच्या ओट्यावर बसायची, एकजण काही सांगायला लागायचा आणि बाकीचे आपापल्या दिशेला बघत राहायचे. उठताना म्हणायचे, "चला."

अक्काचा मुलगा आला नाही. पेला आला, टपालानं, सुतळी बांधलेल्या पुडक्यात. सोबत कुणी नव्हतं. आता पोचवायला येणार कोण? त्याच्या तुकडीत गावचं माणूसच नव्हतं. अक्कानं पुडकं सोडलं आणि पेला फिरवून फिरवून पाहिला. मुलगा निघाला तेव्हा तिनं स्वतः त्याच्या पेल्यावर गिरणीचं जातं कोरून दिलं होतं. या पेल्यावर होडी होती. आमच्या गावाला नदी नाही. होडी कुणी बघितलेलीसुद्धा नाही.

"पेलासुद्धा धड पाठवता आला नाही," ती म्हणाली. परक्यांनी परक्याचं पुडकं बांधलेलं, असंच होणार. तिनं तो पेला खुराड्यात ठेवला. त्यात कोंबड्या पाणी प्यायला लागल्या.

साहेब निवृत्त होऊन आले ते त्यानंतर. लोहाराकडे ट्रंक ठेवून आधी अक्काकडेच गेले. तिच्या दाराला दोन फळ्या, खालची वेगळी, वरची वेगळी. वरची उघडी होती. आत अक्का धान्य निवडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "त्याच्याजवळ कोण होतं?"

"माहीत नाही, अक्का."

"मग माहीत झाल्यावर ये." आणि उठून तिनं वरची फळी लावली.

पुढे कित्येक महिने साहेब रोज संध्याकाळी तिच्या अंगणावरून जायचे आणि तसेच परत यायचे. लोहार म्हणायचा, "साहेब, रोज त्याच वाटेनं जाता. वाट झिजेल."

"माणूस झिजण्याआधी झिजली तर बरं," साहेब म्हणायचे. लोहाराशी ते एवढंच बोलायचे. इतरांशी तेवढंही नाही. खोलीत एक खुर्ची होती. दुसरीची गरज पडली नाही.

पलटणीत त्यांनी आधीच विचारलं होतं. तुकडीतले बहुतेक गेले होते आणि उरलेल्यांना त्या नावाचा माणूस आठवत नव्हता. मग एके संध्याकाळी अंगणावरून जाताना खुराड्यात काहीतरी चमकलं. साहेब वाकले. पेला उचलला, त्यातलं पाणी ओतलं आणि होडी बघत तिथेच उभे राहिले. अक्कानं फटीतून पाहिलं असणार, कारण आत भांड्यांचा आवाज थांबला होता. साहेबांनी पेला खिशात घातला. मेलेल्या माणसाच्या नावानं परका पेला इकडे आला असेल, तर जात्याचा पेला कुठंतरी गेला असणार. हा हिशेब त्यांच्या डोक्याला चटकन सुटला.

होडी नीट कोरलेली होती, दोन्ही बाजूंनी टोकदार, मधे बुटकं छप्पर. साहेब नदीच्या मुलखात निघाले. होड्या लागतात त्या पहिल्या धक्क्यावर नावाड्यानं ती बघून सांगितलं की अशी होडी वरच्या खोऱ्यात बांधतात. वरच्या खोऱ्यात गेल्यावर तिथले म्हणाले, लढाईवरून आलेला एक लंगडा डांबरवाला आहे, त्याला विचारा.

डांबरवाला म्हणजे होड्यांच्या फटीत काथ्या ठोकून वर डांबर लावणारा. उपड्या होडीखाली आडवा पडून काम करत होता, बाहेर फक्त एक सरळ आणि एक वाकडा पाय. साहेबांनी पेला त्याच्या हाताला लागेल असा खाली धरला.

"हा तुमचा?"

तो सरपटत बाहेर आला. पेला घेतला, अंगठ्यानं होडी चोळली आणि परत दिला. "होता. भाच्यानं जिंकला."

"कुणाच्या भाच्यानं?"

"मुख्यालयात तो एक टकल्या बसायचा ना, ज्यानं सगळी फौज भुश्यासारखी उधळली. त्याचा भाचा आमच्यात होता. आम्ही त्याला भाचाच म्हणायचो, खरं नाव कुणाला माहीत? मामाला सगळ्यात कडक शिव्या त्याच्याच. आम्ही नुसती री ओढायचो."

साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. डांबरवाल्यानं त्यांच्या डोक्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे पाहिलं, पुन्हा डोक्याकडे.

"बसा," तो म्हणाला.

साहेब उपड्या होडीवर बसले.

"आता विचारलंत तर सांगतो," डांबरवाला म्हणाला. "सुरुवातीचे दिवस फार वाईट. एकेकजण एकेका मुलखाचा. एकाचा विनोद दुसऱ्याला कळत नव्हता. जेवण मिळालं की ज्यानं त्यानं आपलं झाड गाठायचं आणि त्याखाली तोंड फिरवून खायचं. भाच्याचं एक वाळकं झाड होतं, त्याला सावलीसुद्धा नव्हती. गुरंसुद्धा एकत्र चरतात, साहेब."

"किती दिवस असं?"

"पुष्कळ. मग पावसात अडकलो. माझ्याकडे पत्ते, त्याच्याकडे तंबाखू. खेळायला लागलो. तो सारखा जिंकायचा. बूट उलटसुलट घालायचा, डावा उजव्यात. आम्हाला वाटायचं, येडा आहे. पुढे कळलं, तसं घातलं की घोट्यापाशी फट पडते आणि तिथं राणी लपवता येते."

साहेबांच्या तोंडून हसू निसटलं. फार वर्षांनी निसटलं असावं, कारण त्यांना खोकलाच आला.

"शेवटी लावायला काही उरलं नाही, तेव्हा पेले लावले. माझा त्यानं जिंकला, त्याचा मी." डांबरवाल्यानं फळीवरून एक पेला काढला. त्यावर जातं होतं, खुंट्यासकट. "यातच पितो मी."

"तो गेला तेव्हा तुम्ही जवळ होता?"

"नव्हतो. जुलाब लागले होते, दवाखान्यात पडलो होतो. परत आलो तर ओळखीचं कुणी नाही."

"मग जवळ कोण होतं?"

"जे होते ते तिथेच राहिले, साहेब. कसं कळणार?"

नदीवर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. डांबरवाल्यानं जात्याचा पेला पुन्हा फळीवर ठेवला. "आईला सांगायचंय का? मग सांगा, मी होतो. पाणी पाजलं म्हणा. इथवर विचारायला कोण येतंय?"

उठताना साहेबांनी होडीचा पेला पुढे केला. "हा तुमचा घ्या. तो मला द्या."

"छे. जिंकलेली वस्तू परत मागत नसतात, आणि हरलेली तर नाहीच नाही. तो पेला त्याचाच. बरोबर घरी गेलाय."

परतीच्या प्रवासभर साहेबांच्या ओठांवर ते वाक्य बसलेलं होतं. पाणी पाजलं. दोन शब्दांचं काम. मुख्यालयात मंत्र्यांपुढे यापेक्षा अवघड वाक्यं त्यांनी सहज म्हटली होती.

अक्काच्या दाराची वरची फळी लावलेली होती. साहेबांनी ती वाजवली. फळी उघडली.

"कळलं?"

"नाही. त्याच्याजवळ कोण होतं ते कळलं नाही, अक्का. ते आता कळणारही नाही."

फळीवरचा तिचा हात हलला. पण फळी लागली नाही, कारण साहेब पुढे बोलत राहिले. अंगणात उभ्या उभ्या, पुलाच्या वेळी दारोदार सांगितलं तसंच त्यांनी सगळं सांगितलं. पत्ते सांगितले, राणी सांगितली, बूट सांगितले, मामाला दिलेल्या शिव्या सांगितल्या. वाळकं झाड गाळता आलं असतं. तेही सांगितलं.

"म्हणजे धांदरट नव्हता," अक्का म्हणाली.

"नव्हता."

"आईला फसवत होता." तिनं डोळ्यांना पदर लावला नाही. नुसती नाक ओढून उभी राहिली. "पत्ते कुणी शिकवले त्याला?"

"मीच. लहानपणी सुट्टीत माझ्याकडे यायचा तेव्हा."

"तेवढंच शिकवलंस." तिनं हात पुढे केला. साहेबांनी पेला दिला. ती चुलीपाशी जाऊन बसली आणि मूठभर राख घेऊन घासायला लागली. कोंबड्यांनी वर्षानुवर्षं चढवलेलं किटण लवकर निघेना. होडी हळूहळू वर आली. मग तिनं विचारलं, "एकटाच खायचा? झाडाखाली?"

"सुरुवातीला. हो."

अक्का उठली. ताट वाढलं, फडक्यानं झाकलं आणि पहिल्यांदा खालची फळी उघडून बाहेर आली. साहेब पायरीकडे सरकले. ती पायरीवर थांबली नाही. अंगणाच्या टोकाला उघडंबोडकं झाड आहे, वीज पडल्यापासून त्याला पान फुटलेलं नाही. तिथं जाऊन तिनं ताट ठेवलं.

"इथं बस," ती म्हणाली. "जेव."

साहेब बसले.

त्या दिवसापासून रोज तसंच चाललं. साहेब संध्याकाळी यायचे, झाडाखाली बसायचे, एकटे जेवायचे, ताट धुऊन पायरीवर ठेवायचे. अक्का आत जेवायची. पाणी ती होडीच्या पेल्यातून प्यायची, साहेबांना तांब्या. लोहार एकदा म्हणाला, "साहेब, आता घरात तरी घेईल की ती." साहेब म्हणाले, "आणखी पुष्कळ दिवस बाकी आहेत. त्याचे झाले तेवढे तरी माझे व्हायला हवेत."

नियम अजून तसाच आहे. या वर्षीही इथली पोरं गेली, एकेक एकेका दिशेला. आणि अक्का जेवताना दाराची वरची फळी उघडी ठेवते. तिथून ते झाड दिसतं.